परवा आलेच म्हणून समजा

ताईच्या नव्या दवाखान्यातली पहिली पेशंट, दवाखाना उघडण्याच्या आधीच येऊन, दात दाखवून घरी गेली. पण असं काही झालंच नाही, असं त्या घरात एकमताने ठरलेलं आहे. ठराव आईने मांडला, काकांनी अनुमोदन दिलं आणि जो मानणार नाही त्याचा दात फुकट काढून देण्याची तयारी ताईने दाखवली. तेव्हा आपणही ते पहिलं वाक्य वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

ताईचा धाकटा भाऊ प्रोग्राम लिहायचा. ज्या कंपनीत लिहायचा ती चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती, आणि तिच्यात माणसं इतकी मोजकी की एकाला सर्दी झाली की एक आख्खा विभाग बंद पडे. या भावाला घरीदारी सगळे टेस्ट्या म्हणत, कारण त्याला प्रत्येक गोष्टीची चाचणी घ्यायची खोड होती. ‘गॅस बंद केलास का?’ असं तो आईला विचारी, मग स्वतः जाऊन बघे आणि मग पुन्हा आईला विचारी. दोन्ही उत्तरं जुळतात का हे पाहायला.

ताईसाठी त्याने एक प्रोग्राम केला होता. पेशंटने फोनवरून आपल्या बोलण्यातल्या मराठीत निरोप लिहायचा, ‘उद्या सकाळी दहाला येते’ किंवा ‘सोमवारी साडेपाचला जमेल का’. प्रोग्रामने त्यातून तारीख आणि वेळ हुडकून काढायची, ती वेळ राखून ठेवायची आणि पेशंटला मराठीतच उलट निरोप धाडायचा. एवढंच. हे ‘एवढंच’ लिहायला टेस्ट्याचं अर्धं वर्ष गेलं, आणि त्यातला बराचसा काळ चाचण्या लिहिण्यात गेला.

चाचणी म्हणजे प्रोग्रामच्या एका लहानशा तुकड्याला बाजूला घ्यायचं आणि दटावून विचारायचं, ‘बोल, आज सोमवार, तर परवा म्हणजे कधी?’ तो ‘बुधवार’ म्हणाला की पडद्यावर हिरवी खूण, नाहीतर लाल. चाचणीतला ‘आज’ आपणच ठरवून द्यायचा असतो, नाहीतर आज बरोबर आलेलं उत्तर उद्या चूक ठरतं. टेस्ट्याने सोमवार ठरवून दिला होता. बाहेरच्या जगात कुठलाही वार असो, टेस्ट्याच्या चाचण्यांमध्ये सदैव सोमवार असे. इतके सोमवार कुणी आपण होऊन मागून घेतले नसतील.

सगळ्यात जास्त पिडलं ते ‘परवा’ने. मराठी माणसाचा परवा दोन्ही बाजूंनी उघडतो. गेलेलाही परवा, येणाराही परवाच. टेस्ट्याने त्यावर नियम काढला की क्रियापद बघायचं. ‘परवा आलो’ असेल तर मागचा, ‘परवा येईन’ असेल तर पुढचा. त्याने त्याच्याही चाचण्या लिहिल्या. सगळ्या हिरव्या. पडद्यावर नुसतं गवत उगवलं.

कंपनीचे मालक मागून डोकावले. “हिरवं आहे ना?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग घरी जा की.” मालकांना कामातलं एवढंच कळायचं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवली नव्हती.

इकडे ताईचा जीव टांगणीला लागला होता. इतकी वर्षं ती एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होती. ती नोकरी सोडून निघाली तेव्हा ते हसून म्हणाले होते, “जा, हौस भागवून ये. तुझा ॲप्रन खुंटीवरच राहू दे.” त्या ॲप्रनने तिची झोप उडवली होती. दवाखाना बुधवारी उघडणार होता. खुर्ची आली, दिवा आला, बाहेरच्या खोलीत माशांसाठी काचेची पेटी आली. पेटीत पाणी होतं. मासे दुकानदार परवा देणार होता, कुठल्या परवा ते त्याने सांगितलं नव्हतं. पेशंट मात्र एकच मिळाली होती, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांची दाढ दुखत होती. ती नीट झाली तर शाळेतल्या सगळ्या मुलांची दरवर्षीची दंततपासणी ताईकडे येणार होती. एका दाढेवर अख्खी शाळा उभी होती.

सोमवारी, खऱ्याखुऱ्या सोमवारी, बाईंनी निरोप लिहिला: ‘परवा दुपारी दीडला आलेच म्हणून समजा.’

आता ‘आलेच’ हे क्रियापद व्याकरणात भूतकाळी. पण ते ऐकल्यावर कुठलाही मराठी माणूस ओळखतो की ही व्यक्ती अजून यायची आहे, कदाचित तिची अंघोळही व्हायची आहे. प्रोग्रामला हे कोण सांगणार? टेस्ट्या स्वतः लहानपणापासून ‘मी परवा दीड वाजता येईन’ असं पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखं बोलायचा, आणि चाचण्यांतली झाडून सगळी वाक्यं त्याने स्वतःच रचली होती. प्रोग्रामने भूतकाळ पाहिला. ‘समजा’ म्हटल्यावर तो समजला. त्याने उत्तर पाठवलं:

‘आपण शनिवारी दुपारी साडेएक वाजता येऊन गेलात. धन्यवाद! आता दात कसा आहे? हसरा, बरा किंवा रडका यांपैकी एक चेहरा निवडा.’

बाई मुख्याध्यापिका होण्याआधी वर्षानुवर्षं मराठी शिकवत होत्या. त्यांनी चेहरा निवडला नाही, त्यांचा स्वतःचा पुरेसा होता. त्यांनी लिहिलं: ‘मी आलेच नाही.’

‘आपण न आल्याची नोंद घेतली आहे,’ प्रोग्राम म्हणाला. ‘पुढील वेळी कृपया वेळ पाळावी.’

बाईंनी एका हाताने गाल धरला आणि दुसऱ्या हाताने लिहिलं: ‘मला तुमच्या या यंत्राची मुळीच पर्वा नाही.’

लोक घाईत काहीही लिहितात, म्हणून टेस्ट्याने मायेने एक जास्तीचा नियम घातला होता. कुणी चुकून ‘पर्वा’ लिहिलं तर ते ‘परवा’ असं दुरुस्त करून घ्यायचं. त्याचीही चाचणी होती. हिरवी. तेव्हा मराठीच्या जन्मभराच्या शिक्षिकेचं शुद्धलेखन सुधारून प्रोग्रामने अदबीने विचारलं:

‘परवा जमणार नसल्याचं समजलं. तेरवा चालेल का?’

यानंतर बाईंनी ताईला फोन लावला.

“डॉक्टर, साडेएक म्हणजे काय?”

ताईला वाटलं, दुखण्याचंच काहीतरी सांगताहेत. “म्हणजे... दीड दात दुखतोय का?”

“दीड! तुम्हाला येतो की शब्द. मग तुमच्या यंत्राला का येत नाही? मी बुधवारी दीड वाजता येणार आहे. दाढ दाखवायला नव्हे. बोलायला.”

संध्याकाळी ताईने घरात पाऊल टाकलं ते ओरडतच. “साडेएक? अरे, साडेएक? उद्या साडेदोन म्हणशील!”

टेस्ट्याने समोरचा कॉम्प्युटर हळूच मिटला, कारण प्रोग्राम साडेदोनही म्हणत होता.

“मी साडेतीन तपासलं होतं गं,” तो म्हणाला. “साडेचार, साडेपाच, सगळी बरोबर आली. म्हटलं, खालीही तशीच असतील.”

“दीड-अडीचने तुझं काय घोडं मारलं होतं?” स्वयंपाकघरातून आईने विचारलं.

“ते सोड आई. ‘आलेच’ म्हणजे आली नाही, हे याला कळत नाही!”

“आलेच म्हणजे आले,” टेस्ट्या म्हणाला. “वर ‘च’ लावलाय. म्हणजे जोर देऊन आले.”

“अरे, जोर दिलाय म्हणजेच आले नाही!”

“चला, मी निघालोच,” सोफ्यावरून काका म्हणाले. काका वरच्याच मजल्यावर राहत आणि ते तासाभरापासून निघालेले होते.

“ऐकलंस?” ताईने काकांकडे बोट केलं. “हे निघालेत. दिसतायत का निघालेले?”

टेस्ट्याने काकांकडे पाहिलं. मांडीवर उशी, हातात दुसऱ्यांदा भरलेला चहाचा कप. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काकांबद्दल आदर वाटला. इतकी वर्षं घरात एक जिवंत चाचणी बसलेली होती आणि आपण तिला फक्त चहा देत होतो.

“तुझ्या त्या चाचण्यांत एक तरी माणूस आहे का रे?” ताईने विचारलं. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, बसलेला होता. “त्या बाई गेल्या म्हणजे शाळा गेली. शाळा गेली की मी परत त्या खुंटीपाशी.”

हे मात्र टेस्ट्याला लागलं. त्याने तिथल्या तिथे नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं: ‘परवा दवाखान्यात यायचं असेल तर तुम्ही कसं कळवाल? आपापल्या शब्दांत लिहा.’ सकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. आत्याने लिहिलं, ‘परवा टपकतेच बघ.’ मामीने लिहिलं, ‘परवा आमची स्वारी तिकडेच.’ मावशीने लिहिलं, ‘परवा न येऊन सांगते कुणाला!’ काकांनी लिहिलं, ‘परवा उगवलोच.’ आणि मामांनी लिहिलं, ‘परवा आलो नाही तर नाव बदलीन,’ ज्याच्यात नकार असूनही मामा येणार होते.

मंगळवारचा पूर्ण दिवस टेस्ट्या या वाक्यांशी झुंजला. ‘च’ दिसला की माणूस अजून घरीच आहे, असा नवा नियम केला. नाव बदलण्याची धमकी म्हणजे होकार, असा दुसरा केला. दीड-अडीचला त्यांची हक्काची नावं परत दिली. कुणीच वेळ लिहिली नव्हती, म्हणून त्याने सगळ्यांना कौतुकाने नवी कोरी दीडची वेळ दिली. एकेक वाक्य ज्याच्या-त्याच्या फोन नंबरासकट प्रोग्रामला खाऊ घातलं. सगळं हिरवं.

फक्त एक गोष्ट राहिली. चाचणी करताना प्रोग्रामचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडून ठेवायचा असतो. ते टेस्ट्या घाईत विसरला. चाचण्यांमध्ये नेहमीप्रमाणे सोमवार होता, सोमवारचा परवा म्हणजे बुधवार, आणि आत्यापासून मामांपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर निरोप वाजला: ‘बुधवारी दुपारी दीड वाजता आपली वाट पाहत आहोत. कृपया वेळेवर यावे.’

आत्याने ताबडतोब मामीला फोन केला. “तुलाही आलं का गं?”

“आलं ना. ‘कृपया’ लिहिलंय.”

“तेच म्हणते मी. आपल्या घरात कृपया कुणी म्हणतं का? काहीतरी गंभीर आहे.” आत्याने आवाज खाली आणला. “पोरीला पेशंट मिळत नसणार. पण मागणार कशी? मानी आहे. आपणच जायचं. आणि हे बघ, नातेवाईक म्हणून नाही जायचं. पेशंट म्हणून.”

बुधवारी सकाळभर दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. ताईने तीच ती हत्यारं पुन्हा मांडली, खुर्ची वर केली, खाली केली. टेस्ट्या टेबलापाशी कॉम्प्युटर घेऊन बसला होता. दीडच्या सुमाराला दार उघडलं ते पुन्हा मिटलंच नाही. आत्या, मामी, मावशी, काका, आणि ‘घरी कुलूपच लावलं’ म्हणत मागून आई. प्रत्येकाने गालाला हात लावलेला. पाहता पाहता खुर्च्या संपल्या. मामा काचेच्या पेटीपाशी उभे राहून आतलं पाणी मन लावून बघू लागले.

टेस्ट्याने पडद्यावर आदल्या दिवशी धाडले गेलेले निरोप पाहिले आणि तो धावतच आतल्या खोलीत गेला.

“ताई, चाचणी आलीये.”

“कसली?”

“सगळीच. माणसांसकट.”

ताई काही बोलणार तेवढ्यात बाहेर खणखणीत आवाज आला, “डॉक्टर आहेत का?” मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. त्यांचाही गालाला हात होता, पण त्यांचा खरा होता. काकांनी सरकून जागा दिली. बाई काका आणि आत्या यांच्या मध्ये बसल्या, आणि वर्गात नवी बाई आल्यावर बसतात तसे सगळे ताठ बसले.

“तुम्हाला काय होतंय?” बाईंनी काकांना विचारलं.

काकांनी तयारी केलेली नव्हती. “मला? अक्कलदाढ येतेय.”

“या वयात?”

“आमच्या घराण्यात ती उशिराच येते.”

“घराण्यात?” बाईंनी भुवई उचलली.

आत्याने घाईघाईने सूत्रं हाती घेतली. “डॉक्टरांचा हात काय हलका आहे म्हणून सांगू! माझा दात काढला, मला कळलंसुद्धा नाही.”

“कधी काढला?”

“परवा.”

“दवाखाना तर आज उघडलाय.”

आत्या डगमगली नाही. “येणाऱ्या परवा हो. काढणार आहेत. आधीच सांगून ठेवते, कळणार नाही.”

बाईंनी सगळ्यांवरून एकदा सावकाश नजर फिरवली, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवतात तशी.

“तुम्हा सगळ्यांत मिळून नाकं दोनच आहेत,” त्या म्हणाल्या.

मामीने, जी लग्न होऊन आली होती, आशेने आपलं तिसरं नाक पुढे केलं.

“नाकं दोन असली तरी दुखणी वेगळी आहेत,” आई म्हणाली.

तेवढ्यात ताई दारात आली. तिने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा मामांच्या पाठीकडे, आणि तिला एकदम सगळ्याचाच कंटाळा आला. खोटं बोलून मिळवायची शाळा तिला नको होती.

“बाई, हे सगळे माझे नातेवाईक आहेत. कुणाला काही झालेलं नाही. याने,” तिने टेस्ट्याला कोपराने पुढे ढकललं, “चुकून बोलावलेत. तुम्हाला आलेले निरोपही याचेच. तुम्ही जरूर रागवा. पण तुम्ही आल्यापासून एकाच बाजूने बोलताय, आणि ती दाढ फार दिवस थांबणार नाही. आधी आत या. रागवायचं नंतर बघू.”

बाईंनी टेस्ट्याकडे पाहिलं. “‘मला पर्वा नाही’ यातला पर्वा कसा लिहितात?” त्यांनी विचारलं.

“‘व’वर रफार देऊन,” टेस्ट्या म्हणाला.

“मग माझा रफार खोडलास कशाला?” असं म्हणून बाई उठल्या आणि आत गेल्या.

दार लागलं. आतून घर्र असा आवाज यायला लागला, थांबायला लागला, पुन्हा यायला लागला. बाहेरच्या खोलीत आत्याने खरोखरच स्वतःचा गाल घट्ट धरला. काकांनी दोनदा “चला, मी निघालोच” म्हणून पाहिलं आणि बसून राहिले. टेस्ट्याला पहिल्यांदाच कळलं की आतून हिरवं येणार की लाल, याची वाट कशी बघतात.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाईंचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा काय म्हणतोय ते कळत नव्हतं.

“थोडा वेळ बोलायचं नाही,” ताईने बजावलं. खोलीभर सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

बाईंनी पर्समधून फोन काढला. एका बोटाने, विरामचिन्हं जिथल्या तिथे घालत, त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. टेबलावरचा कॉम्प्युटर वाजला. सगळी नाकं पडद्याभोवती गोळा झाली. निरोप असा होता:

‘परवापरवापर्यंत मला या दाढेची पर्वा नव्हती. आता परवा शाळेतल्या सगळ्या मुलांना घेऊन आलेच म्हणून समजा.’

“मिळाली!” आई म्हणाली. “शाळा मिळाली गं!”

ताईने हातातला मास्क डोळ्यांना लावला. टेस्ट्याला मात्र आनंद करायला सवड नव्हती. तो पडद्यावरच्या तीन टिंबांकडे बघत होता. प्रोग्राम विचार करत होता. इतका विचार त्याने आजवर कधी केला नव्हता. अखेर उत्तर आलं:

‘आपल्यासाठी चार वेळा राखून ठेवल्या आहेत. कृपया चारही वेळा वेळेवर यावे.’

“चार?” ताईने विचारलं.

“दोन परवापरवाचे,” टेस्ट्या ओशाळून म्हणाला, “एक पर्वा, आणि एक खरा परवा.”

बाईंनी ते वाचलं. त्यांच्या चेहऱ्याचा जो अर्धा भाग हसू शकत होता तो हसला. ताईने विचारलं, “शुक्रवार ना?” बाईंनी मान डोलावली. अर्धं वर्ष चाललेलं काम दोन बायकांनी एका मानेत उरकलं.

शुक्रवारी मुलं आली, आणि शाळेत मुलं इतकी निघाली की एका खेपेत जमेना. खेपा बरोबर चार झाल्या. चारही वेळा खुर्ची मोकळी होती, कारण चारही वेळा आधीच राखून ठेवलेल्या होत्या. टेस्ट्याने हे घरात सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. कुणी श्रेय दिलं नाही. ताई मात्र मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन खुंटीवरचा ॲप्रन घेऊन आली. मुलं चूळ भरताना अंगावर पाणी उडवतात, एक जास्तीचा लागत होता. फोन आता आई घेते. परवा कुठला, हे तिला नुसत्या ‘हॅलो’वरून कळतं, आणि ते कसं कळतं हे टेस्ट्या तिला रोज विचारतो. “कळतं,” ती सांगते. एवढ्यावर नियम लिहिता येत नाही.

बाईंनी खूश होऊन टेस्ट्याला चाचण्यांसाठी स्वतः रचलेली वाक्यं पाठवायला सुरुवात केली. कंपनीतल्या पडद्यावरचं गवत बघता बघता वाळून लाल झालं. मालक मागून डोकावले आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

“लाल आहे ना?”

“हो.”

“मग लेखी दे. काय चुकलंय आणि उपाय काय.”

टेस्ट्याने संध्याकाळपर्यंत डोकं खाजवलं आणि मग त्रुटी-अहवालात ‘उपाय’ या शब्दापुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलं:

‘प्रति, समस्त मराठी भाषक. विषय: परवा. महोदय, उपरोक्त त्रुटी प्रोग्रामची नसून भाषेची असल्याचे चाचणीअंती निष्पन्न झाले आहे. तरी आपण सर्वांनी आपसांत बसून परवा मागचा ठेवायचा की पुढचा, हे एकदाचे ठरवावे व तसे या कार्यालयास कळवावे. निर्णय होईपर्यंत, घराबाहेर पाऊल टाकल्याखेरीज कोणीही ‘आलोच’ असे म्हणू नये, ही नम्र विनंती.’